भाषा मराठी, राज्य कर्नाटक : सीमाभागात इंटरनेट वापरताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत इंटरनेटचं गाडं टॉवरपेक्षा भाषेपायी जास्त अडतं, असं माझं मत आहे. (जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यातली मंडळी यावर हसतील. त्यांना आधी रेंज द्या, मग भाषेचं बघू.) भाषेची अडचण म्हटली की लोकांना वाटतं, मराठीत काही मिळत नाही. मिळतं की! शेती, योजना, शाळा, दाखले, सगळ्यावर ढीगभर व्हिडिओ आणि लेख मराठीत आहेत. पण त्यातलं बहुतेक सगळं महाराष्ट्राचं आहे. मराठीत विचारणारा माणूस महाराष्ट्रातलाच असणार, असं इंटरनेट गृहीत धरून चालतं. आपलं रेशन कार्ड, जमिनीचा उतारा, पोरांची शाळा आणि लाइटबिल मात्र कर्नाटकात आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल काय लागायचा तो लागो, कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचा हप्ता आणि पिकाची नोंद त्यासाठी थांबत नाही.

फॉर्म भरून द्यायच्या दुकानात बसल्यावर रोज त्याच त्या अडचणी येतात. नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय इथे लिहितो.

मराठीत शोधलं आणि महाराष्ट्रात पोचलो

सगळ्यात मोठी चूक हीच. 'सातबारा ऑनलाइन' असं मराठीत टाकलं की महाभूलेख उघडतं. जिल्ह्यांच्या यादीत कोल्हापूर आहे, सिंधुदुर्ग आहे, बेळगाव नाही. माणूस तीनदा वरखाली करतो आणि म्हणतो, "आवं, आमचा जिल्हाच काढून टाकलाय की हितनं!" काढलेला नाही, तो तिथे कधीच नव्हता. आपल्या जमिनीची नोंद कर्नाटकाच्या 'भूमी' योजनेत आहे. आपण ज्याला उतारा किंवा पहाणी म्हणतो त्याला तिथे आरटीसी म्हणतात.

हाच घोटाळा पुढे सगळीकडे होतो. पिकाची नोंद करायची म्हणून शेतकरी 'ई-पीक पाहणी' ॲप उतरवून घेतात. ते महाराष्ट्राचं. आपल्याकडे 'बेळे समीक्षे' असते आणि तिचं ॲप वेगळं आहे. पीकविम्याचं कर्नाटकातलं पोर्टल 'संरक्षणे'. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार'वर मिळणार नाही, त्यासाठी कर्नाटक सरकारच्या नाडकचेरी किंवा सेवा सिंधू या साइट. स्कॉलरशिपसाठी 'महाडीबीटी' नव्हे, कर्नाटकाचं स्कॉलरशिप पोर्टल एसएसपी. 'लाडकी बहीण'चा फॉर्म कुठे भरायचा, हे तर २०२४ पासून विचारून विचारून बायकांनी आम्हाला भंडावून सोडलं. ती योजना महाराष्ट्रातल्या रहिवासी महिलांसाठी आहे. आपल्याकडे घरच्या कर्त्या बाईला महिना २,००० रुपये देणारी योजना गृहलक्ष्मी, आणि ती रेशन कार्डावर कर्ती म्हणून कोणाचं नाव आहे त्यावर चालते.

उपाय साधा आहे. शोधताना मराठीच ठेवा, पण सोबत कर्नाटकातल्या योजनेचं किंवा कचेरीचं खरं नाव टाका : 'भूमी आरटीसी कसा पाहायचा', 'सेवा सिंधू उत्पन्न दाखला', 'गृहलक्ष्मी ई-केवायसी'. नुसतं 'योजना', 'दाखला', 'सातबारा' टाकलंत की गाडी सीमेवरच्या शिनोळीच्या पुढे, महाराष्ट्रात गेलीच म्हणून समजा. व्हिडिओ मराठीत सापडला तर पहिल्या मिनिटभरात कान देऊन ऐका. बोलणारा 'होबळी', 'नाडकचेरी', 'ग्राम वन' असे कर्नाटकातल्या कारभाराचे शब्द म्हणतोय का? म्हणत असेल तर तो तुमच्या कामाचा. 'महसूल मंडळ', 'सेतू केंद्र', 'महाराष्ट्र शासन' ऐकू आलं की पुढे बघत बसू नका. व्हिडिओ कितीही चांगला असो, तुमचं काम त्यानं होणार नाही.

यालाही अपवाद आहेतच. केंद्राच्या योजनांना राज्याची हद्द नाही. पीएम-किसान, आधार, जनधन, उमंग ॲप यांची मराठी माहिती पुण्याच्या माणसानं सांगितलेली असली तरी तुम्हाला लागू पडते. उमंग मराठीत चालतं. पीएम-किसानचा 'किसान ई-मित्र' हा चॅटबॉट मराठीत प्रश्न घेतो आणि मराठीत उत्तर देतो. हप्ता का अडकला हे विचारायला तो बरा आहे, निदान दुसऱ्याच्या दारात जायच्या आधी काय ते कळतं. महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला आहे. म्हणजे तिकडचं काहीच आपल्याला नसतं, असंही नाही. पण अशा वेळी यादीत आपल्या गावाचं नाव आहे का, ते आधी बघा. मग कागद गोळा करायला लागा.

उतारा बघताना अडकण्याच्या जागा

भूमीच्या साइटवर घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते जरा सविस्तर सांगतो, कारण या एका पानावर जितके लोक हात टेकतात तितके दुसरीकडे नाही.

जिल्हा आणि तालुक्यापर्यंत सगळे येतात. जिल्ह्याच्या यादीत जुनं इंग्रजी स्पेलिंग शोधू नका, २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी आहे. केंद्राच्या काही साइटवर मात्र अजून जुनं नाव दिसतं, तेव्हा एक नाही सापडलं तर दुसरं बघायचं. निपाणी तालुका चिकोडीतून आणि कागवाड तालुका अथणीतून वेगळा झाला, हे सगळ्या यादींना अजून माहीत नाही. निपाणीत गाव सापडलं नाही तर चिकोडीत शोधा.

मग येते होबळी. ही पायरी महाराष्ट्राच्या व्हिडिओत नसते, त्यामुळे पाठ केलेली कृती इथे तुटते. तालुक्याच्या खाली काही गावांचा मिळून एक होबळी असतो. आपला कोणता ते जुन्या छापील उताऱ्याच्या वरच्या भागात लिहिलेलं असतं. घरात एक जुना उतारा असेलच, त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

गावाच्या यादीत पुन्हा गोंधळ. कंग्राळी दोन आहेत. नावापुढे बी.के. असेल ते बुद्रुक, के.एच. असेल ते खुर्द. सुळगा हिंडलग्याजवळचा आणि येळ्ळूरजवळचा, हे दोन्ही बेळगाव तालुक्यातच. घाईत पहिल्या नावावर बोट ठेवलं की दुसऱ्याच कुणाची जमीन उघडते आणि घरात बोंब उठते : "आमच्या शेतावर कुणाचं नाव चढलं?"

सर्व्हे नंबर टाकला की पुढे दोन रकाने येतात, 'सर्नोक' आणि 'हिस्सा'. सर्नोकमध्ये बहुतेक ठिकाणी फक्त एक चांदणीचं चिन्ह येतं. ते बघून लोकांना वाटतं, साइट बिघडली. बिघडलेली नसते, तीच चांदणी निवडायची आणि पुढे जायचं. मग हिस्सा नंबर. तुमच्या नंबराचे पोटहिस्से पडले असतील तर इथे अचूक हिस्सा निवडावा लागतो, नाहीतर भावाचा उतारा येतो.

उतारा उघडला की वाचायचा कसा? कन्नड येत नसेल तरी रकान्यांचे नंबर धरून बरंच कळतं. ९ व्या रकान्यात मालकाचं नाव, १० व्यात जमीन त्याच्याकडे कशी आली ती नोंद, ११ व्यात बोजा म्हणजे बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज, १२ व्यात पीक. कर्ज फेडलं असेल तर ११ वा रकाना तेवढा डोळे उघडे ठेवून बघा. सोसायटीनं दाखला देऊनही बोजा तसाच राहिलेला असतो आणि तो नेमका जमीन विकायच्या वेळी लक्षात येतो.

क्षेत्राचा आकडाही नीट वाचा. समजा २.२०.०० असं लिहिलं आहे. हे दशांश नव्हेत. २ एकर २० गुंठे ० आणे, म्हणजे अडीच एकर. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात. तिकडे जमीन असलेल्या पाहुण्यांनी हा आकडा त्या हिशेबानं वाचला, तर अडीच एकराचे साडेपाच एकर होतात आणि वाटणीच्या बैठकीत उगाच आवाज चढतात.

साइटवर नुसता बघायचा उतारा फुकट आहे, पण तो माहितीपुरता. बँकेत किंवा कचेरीत चालणारा उतारा पैसे भरून घ्यावा लागतो.

यादीतली अक्षरं आणि आपली बाराखडी

एक छोटी युक्ती आहे, जी कन्नड न येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. कन्नड वर्णमालेचा क्रम आपलाच आहे : अ आ इ ई, मग क ख ग घ, शेवटाकडे श ष स ह ळ. स्वरांमध्ये ऱ्हस्व ए आणि ओ तेवढे जास्तीचे. त्यामुळे साइट फक्त कन्नडमध्ये उघडली आणि यादी अक्षरक्रमानं लावलेली असली, तर अथणी पहिल्यांदा आणि हुक्केरी शेवटाकडे, खानापूर 'क'ची नावं संपल्यावर लगेच. चारपाच अक्षरं ओळखता आली तरी आपला तालुका आणि गाव सापडतं. मराठी शाळेत शिकलेल्या पोरांनाही कन्नड वाचता येतं, आजोबांना येत नाही. म्हणून नातवाला दहा मिनिटं शेजारी बसवा आणि आपल्या गावाचं, तालुक्याचं आणि स्वतःचं नाव कन्नडमध्ये कसं दिसतं ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. तो कागद मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा. कन्नड अक्षर वाचल्यानं कुणाचं मराठीपण कमी होत नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नाही.

एका बाईची तीन नावं

चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या मुली बेळगाव-खानापुरात सून म्हणून येतात. माहेरी काढलेलं आधार मराठी-इंग्रजीत, त्यावर सुनीता, इंग्रजीत शेवटी टी आणि ए. सासरी रेशन कार्डावर नाव चढवताना ते कन्नडमधून इंग्रजीत गेलं, आणि इकडे 'त'साठी टीएच लिहायची पद्धत, म्हणून तिथे टीच्या मागे एच लागला. बँकेत खातं काढताना कारकुनानं नवऱ्याचं नाव मध्ये घातलं आणि आडनाव आधी. बाई एकच, कॉम्प्युटरला दिसतात तीन. गृहलक्ष्मीचा अर्ज 'नाव जुळत नाही' म्हणून परत येतो आणि ते लिहिलेलं असतं इंग्रजीत, नाहीतर कन्नडमध्ये. बाई वर्षभर 'सरकारनं पैसे बंद केले' असं म्हणत राहते.

त चा टीएच ही एकच जागा नाही. सविता, भारती, सावित्री यांच्यात हे हमखास होतं. ज्ञानेश्वरचा ज्ञ तीन तऱ्हांनी लिहिला जातो. लक्ष्मीमध्ये कुठे एक्स, कुठे केएस. वाघ, वामन यांना कुठे डब्ल्यू, कुठे व्ही. गणेश, महादेव यांच्या शेवटी इकडच्या पद्धतीनं एक जास्तीचा ए चिकटतो. दिसायला ही फारच बारीक गोष्ट, पण पैसे अडतात ते इथेच.

लोक चूक करतात ती अशी की ज्या कचेरीनं परत पाठवलं, तिथल्या कागदाप्रमाणे दुसरा कागद बदलून घेतात. उद्या तिसऱ्या कचेरीत तिसरं स्पेलिंग निघतं, मग पुन्हा बदल. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. त्या दोन संधी अशा घाईत उडवू नका.

आधी घरातले सगळे कागद एका ठिकाणी मांडा : आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, मतदार कार्ड, उतारा, असेल तर दहावीचं मार्क्स कार्ड. प्रत्येकावरचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर एकाखाली एक वहीत उतरवा. मग ठरवा, पाया कोणता. दहावीचं मार्क्स कार्ड असेल तर तेच धरा, कारण ते बदलणं सगळ्यात अवघड. नसेल तर आधार. बाकीचे कागद हळूहळू त्याच्यासारखे करून घ्या, आधी बँक, मग रेशन कार्ड. यापुढे कुठेही नाव सांगताना तोंडी सांगू नका. कारकून ऐकेल तसं लिहील, आणि तो कन्नड कानानं ऐकणार. त्यात त्याची काही चूक नाही. वहीतलं पान पुढे करा.

सासरी आलेल्या बाईनं आधारवरचा पत्ताही कर्नाटकातला करून घेतला पाहिजे. नाव जुळूनही पत्ता चंदगडचा म्हणून अडलेली कामं कमी नाहीत.

आणखी एक गोष्ट नावाशेजारीच येते. पैसे मंजूर झाले, पण 'खात्यात आले नाहीत'. आधारवरून येणारे पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही, ज्या खात्याला आधार शेवटी जोडलंय तिथे ते जातात. जनधनचं खातं एका बँकेत, बचत गटासाठी काढलेलं दुसऱ्या बँकेत, आणि मेसेज इंग्रजी मोठ्या अक्षरांत, म्हणून कुणी वाचलेला नाही. माय-आधार साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की कोणती बँक ते लगेच कळतं. निम्म्या घरांत पैसे आलेलेच असतात, दुसऱ्या पासबुकात.

भाषांतर चालू ठेवून फॉर्म भरणं

क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर गेलं की 'भाषांतर करा' मिळतं आणि कन्नड पान मराठीत होतं. गूगल लेन्सचा कॅमेरा पंचायतीच्या कन्नड नोटिशीवर धरला की मराठी मजकूर वर उमटतो. ही सोय खरोखर मोठी आहे. रेंज नसलेल्या गावांत तर कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा ट्रान्सलेट ॲपमध्ये आधीच उतरवून ठेवाव्यात, नोटिशीवरचा मजकूर मग नेटशिवायही टाइप करून समजून घेता येतो.

पण भाषांतर वाचण्यासाठी आहे, भरण्यासाठी नाही. फॉर्म मराठीत करून भरायला बसलात तर यादीतल्या गावांच्या आणि आडनावांच्या नावांचाही ते यंत्र अर्थ लावायला जातं आणि जे निवडलं ते नेमकं काय हे तुम्हालाच कळत नाही. मराठी करून एकदा पूर्ण वाचा, कुठे काय मागितलंय ते वहीत टिपा, मग 'मूळ पान दाखवा' करून भरा. तारखा, रक्कम आणि 'होय/नाही'चे प्रश्न यंत्राच्या भरवशावर सोडू नका. कन्नडमधला नकार क्रियापदाच्या शेवटाला चिकटतो आणि तो यंत्राच्या हातून कधीकधी निसटतो. 'लागू नाही'चं 'लागू' झालं तर अर्ज नामंजूर.

काही सरकारी पत्रकं मोबाइलवर उघडली की अक्षरांऐवजी चौकोन किंवा भलतीच इंग्रजी चिन्हं दिसतात. तुमचा मोबाइल बिघडलेला नाही. ते पत्रक जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं, कन्नडमध्ये नुडी किंवा बरह, मराठीत श्रीलिपी. युनिकोड, म्हणजे आताची सगळ्या फोनवर चालणारी पद्धत, नसल्यानं त्याचं भाषांतरही होत नाही. अशा वेळी त्याचा छापील कागद मिळवा आणि त्यावर लेन्स धरा.

फोनच कन्नडमध्ये गेला तर

घाबरू नका. सेटिंग्जचं दातेरी चाक ओळखता येतंच. आत गेल्यावर वर शोधायची पट्टी असते, तिथे इंग्रजीत 'लँग्वेज' लिहा, बहुतेक फोनवर सरळ त्या जागी नेतं. मराठी जोडा आणि बोटानं ओढून यादीत सगळ्यात वर ठेवा. व्हॉट्सॲपची भाषा त्याच्या सेटिंग्जमध्ये वेगळी बदलता येते, ते एकटंही मराठीत ठेवता येतं.

बोलून टाइप करणाऱ्यांची तक्रार असते की 'मराठी त्याला कळतच नाही'. स्पेस बारवर काय लिहिलंय ते बघा. तिथे 'हिन्दी' असेल तर 'आहे'चं 'आए' आणि 'बेळगाव'चं 'बेलगाव' होणारच. मराठी निवडा. आपल्या बोलण्यातले कन्नड शब्द आणि हेल त्याला थोडे जड जातात, तेव्हा वाक्यं तोकडी बोला.

मुलांच्या अभ्यासात दोन राज्यांची सरमिसळ

कर्नाटकातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना 'दहावी गणित मराठी' शोधलं की बालभारती मिळते. चांगली पुस्तकं आहेत, पण परीक्षा त्यांच्यावर नाही. आपल्या मुलांची परीक्षा कर्नाटकाच्या बोर्डाची, एसएसएलसी. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ मराठी माध्यमाची पुस्तकं ऑनलाइन फुकट देतो. दीक्षा ॲप पहिल्यांदा उघडताना बोर्ड, माध्यम आणि इयत्ता विचारतं. तिथे बोर्ड 'कर्नाटक' आणि माध्यम 'मराठी' असं दोन्ही निवडायचं. घाईत महाराष्ट्र निवडलं तर वर्षभर मूल दुसऱ्याच पुस्तकाचे धडे बघत बसतं, आणि पालकांना वाटतं पोरगं मोबाइलवर अभ्यास करतंय. करतही असतं बिचारं, पण दुसऱ्या राज्याचा.

बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मराठी माध्यमातही असतात. इंग्रजी आणि कन्नड माध्यमाच्या मागे त्यांची लिंक खाली असते, म्हणून पान शेवटापर्यंत खाली न्या.

दुसऱ्याचा नंबर आपल्या फॉर्मवर

भाषा येत नाही म्हणून माणूस फॉर्म भरायला दुसऱ्याकडे जातो. त्यात काही वाईट नाही, माझाही धंदा त्यावरच आहे. पण फॉर्म भरणारा घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. ओटीपी पटकन मिळतो, रांग पुढे सरकते. पुढे तुमच्या अर्जाचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात, आणि त्याच्याकडे अशा शेकडो लोकांचे मेसेज. अर्ज परत आला हे तुम्हाला कधीच कळत नाही.

उठायच्या आधी तीन गोष्टी मागून घ्या. पडद्यावर माझा नंबर आहे का, तो दाखवा. पोचपावतीवरचा अर्ज क्रमांक द्या. आणि पोचपावतीचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर टाका. हे मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका, माझ्याकडेसुद्धा.

"मराठीत बोलला, म्हणजे आपलाच"

दिवसभर कन्नड आणि इंग्रजी पानांशी झटापट केलेल्या माणसाला फोनवर कुणी गोड मराठीत "काका, तुमचा पीएम-किसानचा हप्ता अडकलाय, मी मदत करतो" म्हटलं की जीव भांड्यात पडतो. नेमकं हेच चोरांना माहीत आहे. भाषेपायी जो अडलेला आहे, त्याला त्याच्याच भाषेत गाठतात. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान', 'आरटीओ चलन' अशा नावाची फाइल येते, नावाच्या शेवटी एपीके असतं. ती उघडून इन्स्टॉल केली की तुमचे मेसेज वाचायची वाट त्याला मोकळी होते, ओटीपीसकट. सरकारी ॲप व्हॉट्सॲपवरून येत नाही, प्ले स्टोअरवरून घ्यायचं.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. 'पैसे पाठवतोय, पिन टाका' हे कुणीही म्हटलं, मराठीत म्हटलं तरी, फोन ठेवा.

पैसे गेलेच तर १९३० ला लगेच फोन लावा. 'कन्नडमध्ये बोलतील, मला काय येतंय' म्हणून लोक दोन दिवस घालवतात आणि तोवर पैसे दहा खात्यांतून फिरून जातात. सुरुवातीला एकच वाक्य पुरतं : "नन्न अकौंटिंद दुड्डु होगिदे." (माझ्या खात्यातून पैसे गेलेत.) त्यानंतर हिंदीत बोललात तरी चालतं. त्यांना हवे असतात ते आकडे, म्हणून फोन लावायच्या आधी ते समोर लिहून ठेवा : कोणत्या बँकेतून, किती रुपये, किती वाजता, आणि यूपीआयच्या व्यवहाराचा १२ आकडी नंबर. तो नंबर फोनपे, गूगलपे यांच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर बोट ठेवलं की यूटीआर किंवा यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी म्हणून दिसतो. तक्रारीचा नंबर मिळाला की तो घेऊन बँकेच्या शाखेत जा आणि लेखी अर्ज द्या.